बाणाचे टोक : वजन, पाती आणि कायदा

बाणाच्या टोकाविषयी तेच तेच गैरसमज पत्रांतून येत राहतात, म्हणून चार प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मुलगी इंडियन राउंड (बांबूच्या धनुष्याने खेळायचा तिरंदाजीचा प्रकार) खेळते. सरावाला पात्यांचे टोक, म्हणजे धारदार पाती बसवलेले शिकारीचे टोक, चालेल का? (पंढरपूर)
उत्तर : नाही, त्याने लक्ष्याची गादी फाटते आणि स्पर्धेतही ते चालत नाही.

प्रश्न : टोक जड तितका बाण खोल जातो, असे दुकानदार म्हणतो. १०० ग्रेनऐवजी १५० ग्रेनचे घ्यावे का? (बार्शी)
उत्तर : दुकानदाराला टोक विकायचे आहे. १०० ग्रेन म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम. टोक जड केले की बाण सुटताना शाफ्ट, म्हणजे बाणाची काडी, अधिक वाकतो, आणि तो त्या धनुष्याला नरम पडला तर नेम बिघडतो. आधी प्रशिक्षकाकडून शाफ्ट तपासून घ्यावा.

प्रश्न : अमेरिकेतील भाऊ परवाना काढून एल्कची (मोठ्या हरणाची) शिकार करतो. टोकाची स्थिर पाती बरी की बाण लागताच उघडणारी? (सोलापूर)
उत्तर : उघडणारी पाती जखम रुंद करतात, पण उघडण्यातच बाणाची काही शक्ती खर्च होते, म्हणून मोठ्या जनावरासाठी, विशेषतः धनुष्याची ओढ (ते ताणायला लागणारे बळ) कमी असल्यास, धारदार स्थिर पाती अधिक भरवशाची. राज्यागणिक नियम बदलतात, तेव्हा तेथील वन्यजीव विभागाला विचारूनच खरेदी करावी.

प्रश्न : रानडुकरे ऊस लोळवतात. ‘डुकरासाठी खास’ म्हणून ऑनलाइन मिळणारी तीन पात्यांची टोके मागवू का? (नान्नज)
उत्तर : मुळीच मागवू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार परवानगीशिवाय शिकार हा गुन्हा आहे, आणि शिकारीचा नुसता प्रयत्नही त्यात मोडतो. ही गोष्ट जाहिरातदार कधीच छापत नाही. असल्या टोकाने जनावर जागीच कोसळते, ही निव्वळ ऐकीव गोष्ट आहे. पात्यांचे टोक मारते ते रक्तस्रावाने; पण नर डुकराच्या खांद्यावरची कातडी ढालीसारखी जाड असते, बाण तेथे अडकला तर जखमी जनावर उसात शिरते आणि सकाळी पाणी द्यायला गेलेल्या माणसाच्या अंगावर येते. शिवाय तुमच्या शेजारी माळढोक अभयारण्य आहे, काळविटे पिकांत येतात, आणि अंधारात सुटलेला बाण डुक्कर आणि काळवीट असा भेद करत नाही. नुकसान होऊनही लोक आठ-आठ दिवस थांबतात आणि मग भरपाई मिळाली नाही म्हणतात, याचे मला फार वाईट वाटते. आजच वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटा, बंदोबस्ताचा मार्ग त्यांच्याकडूनच समजून घ्या, अर्जाला सातबारा जोडा, आणि पंचनामा होईपर्यंत लोळलेला ऊस हलवू नका.