फाटके कागद चिकटवून पोट भरेल का?

सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी रसायनशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला जुन्या, जीर्ण कागदपत्रांच्या संवर्धनात जायचंय. 'आता सगळं स्कॅन होतंय, मग फाटके कागद चिकटवून पोट भरेल का?' ही तुमची शंका.

स्कॅनिंगची काळजी सोडा. घडीवर तुटणारा कागद स्कॅनरखाली सपाट करायचा तर आधी तो सावरावाच लागतो.

शिवाय या कामात तिचं रसायनशास्त्र वाया जात नाही. १९व्या शतकात कागद लाकडाच्या लगद्यापासून बनू लागला. शाई फुटू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटी घालत. तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होतं, ते सेल्युलोजच्या, म्हणजे कागदाचे तंतू ज्याचे बनतात त्या पदार्थाच्या, साखळ्या तोडतं आणि कागद ठिसूळ होतो. म्हणूनच तीनशे वर्षांपूर्वीचा चिंध्यांचा कागद कित्येकदा शंभर वर्षांच्या वर्तमानपत्रापेक्षा धडधाकट निघतो. कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणाने हे आम्ल मारता येतं. मात्र शाई पाण्याने पसरते का, हे आधी कोपऱ्यात थेंब टाकून बघायचं.

मग जोडकाम. फाटीवर लावायची जपानी टिश्यूची, म्हणजे लांब तंतूंच्या पातळ पण चिवट कागदाची, पट्टी कात्रीने कापत नाहीत. ओल्या ब्रशने रेघ मारायची आणि तिथून अलगद ओढायची. कडेचे तंतू मोकळे राहतात आणि तेच मूळ कागदाला धरतात. चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, वर टीपकागद आणि वजन. खळ पाण्याने पुन्हा सुटते, हा तिचा मोठा गुण. गेल्या शतकात अनेक ठिकाणी कागद सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या फिल्ममध्ये उष्णता आणि दाब देऊन बंद केले गेले. ती फिल्म काढताना आजच्या संवर्धकांच्या नाकीनऊ येतात. सेलोटेपचं तर नावच नको.

पैशांचं स्पष्ट सांगतो. अभिलेखागारं, संग्रहालयं, ग्रंथालयं इथे कायम जागा थोड्या, सुरुवात बहुधा कंत्राटावर. लवकर मोठा पगार हवा असेल तर दुसरं क्षेत्र बघा. पदवी मात्र तिने पूर्ण करावीच, मग संवर्धनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. तो निवडताना प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम किती मिळतं, एवढंच खोदून विचारा. नुसत्या व्याख्यानांवर फी घालवू नका.

तोवर सुट्टीत तिला रद्दीतलं वर्तमानपत्र फाडून याच पद्धतीने जोडू द्या. घरातली जुनी कागदपत्रं नकोत, त्यांना हातही लावू देऊ नका! एका फाटीवर अख्खी दुपार घालवूनही ती कंटाळली नाही, तर पुढचं पत्र तिनेच लिहावं. प्रवेशाचं तेव्हा बोलू.