आखणीच्या वेळी त्याला बाहेर पाठवू नकोस

पोरी,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला आणि सकाळपर्यंत माझ्या डोक्यातून गेला नाही. तुझ्या स्टुडिओत आठ महिने बसणाऱ्या मुलाने तू घडवलेलं ‘क्ष’ हे अक्षर उचललं, एका लग्नपत्रिकेत वापरलं, वर त्याचे पैसेही घेतले. त्यात रविवारच्या सुलेखन वर्गाचं आमंत्रण येऊन पडलंय. तू म्हणतेस, माझंच अजून कच्चं आहे, मी काय शिकवणार, आणि शिकवलं की हे असं होतं. इथपर्यंत मी समजून घेत होतो. पुढचं वाक्य मात्र लागलं. ‘तोवर त्याला नुसतं रंग भरायला देते, आखणीच्या वेळी बाहेर पाठवते.’

बाहेर म्हणजे कुठे? चहा आणायलाच ना?

मी तो चहा आणलाय. सोळाव्या वर्षी ज्या पेंटरच्या दुकानात मी ब्रश धुवायला लागलो, त्यांच्यासारखा हात तेव्हा कोल्हापुरात मी दुसरा पाहिला नाही. सराफांच्या, डॉक्टरांच्या दारांच्या काचांवर ते सोन्याच्या वर्खाची अक्षरं करायचे. काचेच्या मागच्या बाजूने, उलटी. काचेला जिलेटिनचं पाणी लावायचं, त्यावर वर्ख बसवायचा, वाळला की त्याच्या पाठीवर उलटं अक्षर रंगवायचं आणि उरलेला वर्ख पुसून काढायचा. एवढं मी सांगू शकतो. पाण्यात जिलेटिन किती, पाणी किती गरम, वर्ख उतरवताना हात कुठे टेकवायचा, हे मला माहीत नाही, कारण त्या वेळी मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात किटली धरून उभा असायचो. सहा वर्षं. ते गेले आणि ते सगळं त्यांच्याबरोबर पंचगंगेच्या काठी जळालं. नंतर मी कितीदा करून पाहिलं. माझा वर्ख सुरकुततो.

हे सोसलेल्या माणसाने शहाणं व्हायला हवं होतं. मी झालो नाही. माझं दुकान झाल्यावर माझ्याकडेही एक मुलगा आला, नऊ वर्षं राहिला. खडूची दोरी मारून मी ओळी पाडायचो, अक्षरं आखायचो आणि तो भरायचा. त्याच्यासारखी स्वच्छ कड मलाही जमायची नाही. आखणी सुरू करताना मी त्याला किटली द्यायचो. मुद्दाम, हो, मुद्दामच. उद्या समोर दुकान टाकलं तर? मग २००० नंतर फ्लेक्स आलं आणि चार-पाच वर्षांत रंगवलेले बोर्ड संपले. मी टिकलो, कारण मला आखणी येत होती. नाटकांची, मासिकांची, पुढे सिनेमांची टायटलं करू शकलो. त्याला फक्त भरणं येत होतं आणि भरायचं काम आता यंत्र करत होतं. तो रिक्षा चालवतो. दिसला की हात करतो. रिक्षाच्या मागे त्याने मुलीचं नाव लिहिलंय. भरलंय देखणं, पण अक्षरांची बैठक ढळलेली आहे. बैठक मी शिकवली नाही. ती रिक्षा पुढे दिसली की मी रस्ता बदलतो.

म्हणून सांगतो, त्याला समोर बसव. आखताना दाखव. आणि का ते सांग.

शेवटचं महत्त्वाचं आहे, आणि तिथेच तू चुकते आहेस. मुलाने तुझा ‘क्ष’ चोरला असं तू म्हणतेस. त्याने काय घ्यायचं होतं? आठ महिने तयार अक्षर त्याच्या डोळ्यांसमोर ठेवलंस आणि ते तसं का झालं ते झाकून ठेवलंस. आकार उघडा आणि कारण कपाटात, मग माणूस आकारच उचलणार. क आणि ष यांची गाठ तू कुठे बांधतेस, दंड, म्हणजे उभी रेघ, थोडा लांब का ठेवतेस, पोटातली पोकळी बाहेरच्या पोकळीशी कशी तोलतेस, हे त्याला कळलं असतं तर त्याने त्याचा ‘क्ष’ काढला असता. वाईट काढला असता, पण त्याचा.

सुलेखनकार र. कृ. जोशींकडे बघ. जाहिरातीच्या धंद्यात नाव झालेलं असताना ते पवईला, आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवायला गेले. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांचाच. अच्युत पालवांनी मोडीचा अभ्यास त्यांच्याच मार्गदर्शनाखाली केला, पुढे स्वतः सुलेखनाची शाळा काढली, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पालवांचं अक्षर र. कृं.च्या अक्षराची नक्कल वाटतं का तुला? मला कधीच वाटलं नाही. का ते कळलेल्या माणसाला नकलेची गरज उरत नाही.

‘माझंच कच्चं आहे’ या वाक्याचा तर मला राग येतो. पक्कं होईपर्यंत थांबणार असशील तर ते पक्कं होणार नाही. मी बावन्नाव्या वर्षी पहिला वर्ग घेतला, तोवर तीस वर्षं बोर्ड आणि टायटलं केली होती. पहिल्याच दिवशी फळ्यावर ‘खानावळ’ लिहिलं. पाचवीतली एक मुलगी मोठ्याने वाचायला लागली, ‘रवानावळ’. मी घाईत ख खालून जोडला नव्हता, तिला र आणि व दिसला. मी जोडून दाखवला. तिने विचारलं, आधी का नव्हता जोडला? मग व आणि ळ मध्ये कमी जागा का सोडलीत, न चा काना न पासून इतका लांब का? मी म्हणालो, असंच असतं. तिचं तोंड पडलं. त्या रात्री मला झोप आली नाही. जाड कागदाची अक्षरं कापून टेबलावर मांडत बसलो. पहाटे कुठे मला शब्दांत सांगता आलं की दोन अक्षरांमधलं अंतर पट्टीने मोजायचं नसतं. त्या फटीत ज्वारी ओतली तर प्रत्येक फटीत सारखी मावली पाहिजे. तीस वर्षं माझा हात हेच करत होता आणि मला पत्ता नव्हता. हाताला येत होतं म्हणून मला येतंय असं मी धरून चाललो होतो.

त्यानंतर एक वही केली. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला र वेगळा का. मराठी ल ला पाकळी का हवी आणि हिंदी वळणाचा ल आपल्या शब्दात परका का दिसतो. देवनागरीच्या बोरूच्या लेखणीचा कट रोमनच्या उलट तिरका का. मुलं विचारतात, मी अडतो, शोधतो, लिहितो. माझी सगळ्यात चांगली टायटलं त्या वहीनंतरची आहेत. आधीची आता बघवत नाहीत.

लोक म्हणतात, म्हाताऱ्याची कामं सुटली म्हणून वर्ग घेतो. तुझ्याही कानावर आलं असेल. खोटं आहे ते. शनिवार-रविवार मोकळे ठेवायचे म्हणून मी कामं सोडली. एका मोठ्या सिनेमाचं टायटल सोडलं, घरी आठवडाभर बोलणी खाल्ली. मी चूक केली नाही. त्या सिनेमाचं टायटल कुणीतरी चांगलंच केलं असेल. त्या रविवारी माझ्यासमोर अकरा मुलं होती आणि त्यांना दुसरं कुणी नव्हतं.

उद्या तो समोर दुकान टाकेल, ही भीती मी समजू शकतो. टाकेलही. आपल्या कोल्हापुरात हे आधी होऊन गेलंय. बाबूराव पेंटरांकडे नाटकाचे पडदे आणि मग सिनेमा करत दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर तयार झाले, आणि १९२९ मध्ये बाहेर पडून त्यांनी ‘प्रभात’ फिल्म कंपनी काढली. बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी पुढे फार टिकली नाही. बाबूरावांना ते किती लागलं असेल, मी त्यावर पुष्कळदा विचार करतो. पण त्यांनी त्या पोरांना आखणीच्या वेळी बाहेर पाठवलं असतं तर? कंपनी कदाचित चार वर्षं जास्त चालली असती. प्रभात झाली नसती.

रविवारच्या वर्गाला हो म्हण, आजच. फी घे, लाजू नकोस, आणि एखाद्याला परवडत नसेल तर त्याची माफ कर. बाकी तुला कळतं.

त्या मुलाला या शनिवारी माझ्याकडे घेऊन ये. त्याच्यावर रागवायला मी बोलावत नाही. तो ‘क्ष’ आपण तिघं मिळून मोडू आणि पुन्हा बांधू, आणि दर वळणावर का ते तू सांगशील, मी नाही. तो डावखुरा आहे असं तू मागे म्हणाली होतीस. डावखुऱ्याला बोरूचा कट वेगळा द्यावा लागतो आणि तो मला अजून मनासारखा जमलेला नाही. आठ-दहा बोरू तासून ठेवतो, त्याच्या हातात देऊन बघू. चहाचं मी बघतो.

तुझा,
काका