जर्मन नाझी पक्षाचा इनॅमल बिल्ला अस्सल आहे का, हे कसं ओळखायचं? मागे 'आरझेडएम एम१/...' असं कोरलंय.

नुसत्या छापावर विश्वास ठेवू नका. नकली माल करणारे सगळ्यात आधी तोच उठवतात. आरझेडएम म्हणजे पक्षाचे गणवेश आणि बिल्ले कोणी बनवायचे, याचे परवाने देणारी म्युनिकची कचेरी. 'एम१' हा धातूच्या बिल्ल्यांचा वर्ग, तिरक्या रेघेपुढचा आकडा कारखान्याचा. १९३०च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या नगांवर आकड्याऐवजी बहुधा कारखान्याचं नाव किंवा 'गेस. गेश.' (नक्कल करण्यास कायद्याने मनाई) एवढंच सापडतं.

खरी परीक्षा इनॅमलची. ते भट्टीत वितळवलेली काच असतं. दहापट भिंगाखाली धरा: पृष्ठभाग गुळगुळीत, क्वचित सुईच्या टोकाएवढा बुडबुडा, आणि अक्षरांच्या धातूच्या कडा धारदार हव्यात. रंग कडेवर ओघळलेला किंवा प्लॅस्टिकसारखा मऊ वाटला, तर बिल्ला हातातून ठेवून द्या. युद्धाच्या शेवटी मात्र तांब्याच्या मिश्रधातूऐवजी जस्त आणि इनॅमलऐवजी साधा रंगही वापरला गेला, त्यामुळे रंगवलेला प्रत्येक नग खोटा नसतो.

सोनेरी पक्षबिल्ला (पहिल्या एक लाख क्रमांकांतल्या जुन्या सदस्यांना दिलेला) असेल, तर मागे सदस्य क्रमांक कोरलेला असतो. तो एक लाखाच्या वर असेल तर फार जपून. खोट्यांचा सुळसुळाट याच बिल्ल्यात जास्त आहे.

जर्मनीत हे चिन्ह जाहीरपणे मिरवणं दंडसंहितेच्या ८६-अ कलमाखाली गुन्हा आहे, म्हणून तिथले विक्रेते फोटोत स्वस्तिक झाकतात. संग्रह करा तो इतिहासाचा पुरावा म्हणून. कोटावर लावायला नाही.