गुलमर्गला मित्रांबरोबर स्कीइंगचा आठवडा: नवशिक्यासाठी सल्ला
गटातील बाकीचे मित्र सराईत असतील, तर पहिले तीन-चार दिवस तुम्ही त्यांच्यासोबत वरच्या उतारांवर जाणार नाही, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. गोंडोल्याचा (तेथील केबल कारचा) पहिला टप्पा कोंगदोरीला थांबतो आणि दुसरा अफरवट पर्वताच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटर उंचीवर नेतो. तेथील उतार तीव्र आहेत, यंत्राने दाबून सपाट केलेली वाट तेथे नाही, आणि हिमस्खलनाच्या दृष्टीने गस्ती पथक सांभाळते त्या मुख्य भागाबाहेर गेल्यास जोखीम सर्वस्वी आपली असते.

तुमची जागा गुलमर्गच्या पठारालगतच्या मंद उतारांवर आहे. तेथे स्वतंत्र प्रशिक्षक घ्यावा, कारण मित्राने मित्राला शिकवणे मैत्रीला आणि गुडघ्यांना सारखेच महाग पडते. स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची दूर ठेवून हवे तेथे थांबता येईपर्यंत वर जाण्याचा आग्रह कोणी केला, तरी नम्रपणे नकार द्यावा.

भाड्याचे बूट निवडताना मात्र अजिबात घाई करू नये. एकच लांब मोजा घालावा. उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकी टेकावीत, गुडघे वाकवल्यावर ती सुटावीत आणि टाच मुळीच उचलली जाऊ नये. दुकानदाराला वजन खरे सांगावे (येथे संकोच नडतो), कारण पडताना किती जोर आल्यावर स्की पायातून सुटावी, हे त्यावरून ठरवतात.

जोरदार हिमवर्षावानंतर दुसरा टप्पा अनेकदा बंद असतो. त्या दिवशी सराईत मित्रांना खाली आपल्यासोबत हक्काने थांबवून घ्यावे.