मीटर कधी पडतं ते आधी विचार

तू लिहिलंस ते थोडक्यात असं : परभणीची आहेस, बी.कॉम. झालंय, संभाजीनगरला केबिन क्रूचा कोर्स केलास. एजंट म्हणतो, कॅनडात तासाला ३० डॉलर मिळतात, कागदपत्रांचे चार लाख भरा. तू ३० गुणिले आठ तास गुणिले २६ दिवस असा हिशोब मांडून घरी दाखवलास, आणि आता विचारतेस, "ताई, येऊ का?"

मी अंबाजोगाईची. चार वर्षं आखातात उडाले, २०२३ पासून कॅनडात आहे. तुझा गुणाकार बरोबर आहे, आकडेच चुकीचे घेतलेस.

आमचा तास घड्याळाचा नसतो. दरवाजे लागतात, ब्रेक सुटतो, विमान गेटवरून हलतं, तिथून आमचं मीटर पडतं. पुढच्या गेटला विमान उभं राहिलं की मीटर बंद. त्याआधी तासभर लावलेली हजेरी, ब्रीफिंग, ऑक्सिजनच्या बाटल्या तपासणं, प्रवासी चढवणं, नंतर उतरवणं, हे वर्षानुवर्षं त्या तासांत धरलंच जात नव्हतं. महिन्याला मोजले जाणारे तास ७५-८० च्या आसपास भरतात. म्हणजे ७५ धरले तर २,२५० डॉलर, तेही कर कापायच्या आधी. तुझ्या कागदावर ६,२४० आहेत. मुक्कामाचा भत्ता वेगळा मिळतो, पण तो बाहेर खाण्यातच जातो.

पहिल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. प्रवासी बसून झाले आणि चाक बदलायचं निघालं. दार उघडंच. एक तास चाळीस मिनिटं आम्ही पाणी वाटलं, एका पोराची उलटी पुसली, व्हीलचेअरवरच्या आजींना दोनदा टॉयलेटला नेलं, पुढची फ्लाइट चुकणाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. तेव्हाच्या आमच्या करारात या वेळेचा मोबदला शून्य. शेवटी विमान हललं तेव्हा शेजारच्या सीटवरची जालंधरची पोरगी पट्टा लावत म्हणाली, "मीटर डाऊन." मला हसूही आलं आणि रागही. रिक्षावाला निदान वेटिंग तरी लावतो.

माझे बाबा एस्टीत कंडक्टर होते. त्यांना हे फोनवर सांगितलं तर पटेचना. "गाडी फलाटाला लागली, लोकं चढायलेत, म्हणजे ड्युटी सुरू झाली की! वेबिल, भरणा, समदं त्यातच आलं." महिन्याच्या पगारावर तीस वर्षं काढलेला माणूस, त्याला उभ्या गाडीतलं काम फुकट असतं हे कसं समजावणार?

कंपन्या म्हणतात, उड्डाणाच्या तासाचा दर ठरवतानाच जमिनीवरचं काम त्यात धरलेलं असतं. अगदीच खोटं नाही. युनियननीही वर्षानुवर्षं याच पद्धतीवर सह्या केल्यात, हेही सांगते. कारण आमच्यात सगळं सिनिऑरिटीवर चालतं. जुन्या लोकांना टोरांटो-दिल्लीसारख्या लांब फेऱ्या मिळतात : एकदा प्रवासी चढवले की तेरा-चौदा तास मीटर चालू. नव्या पोरींना तासा-दीड तासाच्या फेऱ्या, दिवसात चारदा चढवा, चारदा उतरवा. फुकटचं काम जास्त करून नव्यांच्याच वाट्याला येतं, आणि तू नवीच असणार. शिवाय पहिली काही वर्षं रिझर्व्हवर, म्हणजे बॅग भरून फोनची वाट बघत बसायचं.

आता हे बदलायला लागलंय. अमेरिकेत डेल्टा या विमान कंपनीने जून २०२२ पासून बोर्डिंगच्या वेळेचे अर्ध्या दराने पैसे सुरू केले. गंमत म्हणजे डेल्टात केबिन क्रूची युनियन नाही; पण युनियन आणायची खटपट तेव्हा जोरात होती, हे विसरू नकोस. २०२४ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या युनियनने ते करारातच लिहून घेतलं. कॅनडात १६ ऑगस्ट २०२५ ला एअर कॅनडाचे दहा हजारांवर फ्लाइट अटेंडंट संपावर गेले. महिन्याला सरासरी ३५ तास फुकट जातात, असं त्यांच्या युनियनचं, क्यूपीचं म्हणणं. सरकारने बारा तासांच्या आत कामगार कायद्याचं कलम १०७ लावून कामावर परत जायला सांगितलं. ते गेले नाहीत. १९ तारखेला समझोता झाला, त्यात जमिनीवरच्या कामाला अर्ध्या दरापासून पैसे आले : दर उड्डाणामागे लहान विमानाला ६० मिनिटांचे, मोठ्याला ७० मिनिटांचे. पगारवाढीचा भाग मात्र सभासदांनी ९९ टक्के मतांनी फेटाळला.

संपाबद्दल तुझ्या घरी कुणाला भुरळ पडू नये म्हणून हेही सांगते. २०२१-२२ चा एस्टीचा संप आमच्या घराने सोसलाय. पाच महिने पगार नाही, विलीनीकरण झालं नाही, शेवटी हायकोर्टाने २२ एप्रिलपर्यंत हजर व्हायला सांगितलं. किराणा तेव्हा माझ्या आखातातल्या पगारावर चालला. आणि मी ज्या देशात उडत होते तिथे संपाला परवानगीच नाही. रूममेटला बाबांचा फोटो दाखवला, डेपोसमोर मांडी घालून बसलेले, तर ती हळू आवाजात म्हणाली, "हा फोटो फोनमधून काढून टाक."

तरीही तुझ्यासाठी पहिली पायरी आखातच. तिथे खोली कंपनीची, ने-आण कंपनीची, आयकर नाही. मूळ पगार अधिक उड्डाणाचे तास अधिक मुक्कामभत्ता. दुबई, अबुधाबी, दोह्याला आपल्यासारख्यांना युनियन काढता येत नाही, तेव्हा सही करायच्या आधी जे विचारायचंय ते विचारून घे : तास कुठून कुठे मोजतात, उड्डाण रद्द झालं तर काय, किमान किती तासांची हमी.

कॅनडाच्या कंपन्या केबिन क्रूसाठी तिथे काम करायचा हक्क आधीच असलेली माणसं घेतात. मला नवऱ्याच्या पीआरमुळे, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्यामुळे जमलं. "थेट क्रूचा व्हिसा" सांगणाऱ्याला चार लाख काय, चार रुपये देऊ नकोस. आखातातल्या कंपन्या मुंबईत भरती घेतात, त्यांच्या स्वतःच्या साइटवर तारखा येतात, फी लागत नाही. एमिरेट्सला वय २१ पूर्ण, उंची १६० सेंटिमीटर आणि टाचा उचलून हात २१२ सेंटिमीटरपर्यंत पोचावा लागतो. आज घरच्या भिंतीवर पेन्सिलने खूण करून बघ, आणि पोचला का ते कळव.