बहिणीला नवरा मारतो. समाजाच्या बैठकीत मिटवावे का?

आपण विचारले आहे की, उज्जैनला दिलेली आपली बहीण मारहाणीला कंटाळून इंदूरला माहेरी आली आहे आणि समाजातील ज्येष्ठ मंडळी "पोलिसांत जाऊ नका, बैठकीत मिटवू" म्हणत आहेत, तर ते मान्य करावे का. माझ्या मते मारहाण थांबवण्याचे काम बैठकीवर सोपवू नये. ती थांबल्यावर जे प्रश्न उरतील त्यांच्यासाठी बैठक घ्यावी, आणि तीही बहिणीला हवी असेल तरच.

अशा बैठकांत मी स्वतः बसलेली आहे. काही वर्षांपूर्वी रामबागेतील एका घरी आम्ही पाच जण जमलो होतो. मुलीला नवऱ्याच्या आणि सासूच्या समोर बसवून आम्ही "मोकळेपणाने सांग" म्हणालो, आणि ती गप्प राहिली तेव्हा तिची फारशी तक्रार नाही असा सोयीचा अर्थ लावला. शेवटी जो कागद झाला त्यात "यापुढे दोघांनीही समजुतीने वागावे" असे वाक्य होते. हात एकाने उचलला होता आणि हमी आम्ही दोघांकडून घेतली. (आपल्या इंदूरच्या कोर्टात तडजोडीला राजीनामा म्हणतात, आणि पुण्याच्या नातेवाइकांना त्याचे हसू येते, त्या मुलीच्या बाबतीत मात्र तो शब्द मराठी अर्थानेच खरा ठरला.) दोन महिन्यांनी ती परत आली तेव्हा हाताला प्लॅस्टर होते.

कायदा करणाऱ्यांनी हा धोका ओळखला होता, असे दिसते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 14 नुसार न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात; परंतु त्याखालील 2006 च्या नियमांप्रमाणे "तिनेच मला तसे करायला लावले" ही सबब तेथे चालत नाही, आणि समेटाचा प्रयत्न स्त्रीची इच्छा असेल तरच करायचा असतो. 2023 च्या मध्यस्थता कायद्यात सामुदायिक मध्यस्थतेची तरतूद आहे, पण ती दोन्ही पक्षांच्या पूर्वसंमतीने, आणि तीतून झालेल्या कराराला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ नसते. याउलट न्यायालयाचा संरक्षण आदेश मोडणाऱ्याला 1 वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

सासर उज्जैनला असले तरी बहीण सध्या जेथे राहते त्या इंदूरमध्येच तिला कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 27 प्रमाणे अर्ज करता येईल. 181 या महिला हेल्पलाइनवर किंवा वन स्टॉप सेंटर या पीडित स्त्रियांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात मदत मिळते, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दवाखान्याचे कागद तिने जपून ठेवावेत.

ज्येष्ठांना खरोखर मदत करायची असेल, तर तिचे दागिने आणि कागदपत्रे आणायला चौघांनी उज्जैनला जावे, किंवा मुले असतील तर नवऱ्याला त्यांना भेटता यावे यासाठी एखाद्याने आपले घर रविवारी दुपारी उघडे ठेवावे. हे न्यायालयापेक्षा शेजारपाजारच चांगले करू शकतो. पुढे बहिणीनेच बैठक मागितली, तर आधी तिच्याशी एकटीशी बोलावे, तिला नवऱ्यासमोर बसवू नये, मनात येईल तेव्हा तिला उठून जाता यावे, आणि कागद लिहायचाच झाला तर मारहाण कोणी केली ते त्यात नावानिशी लिहावे.