सगळ्यांना करून घालते, स्वतः मात्र जेवत नाही

प्रश्न: मुलगी 16 वर्षांची, अकरावीला. डाएट म्हणून आधी भात सोडला, मग तूप, मग पोळी, आता सोमवार गुरुवार शनिवार चतुर्थी सगळे उपवास धरते आणि खिचडीलाही हात लावत नाही. चार महिने पाळी नाही, भर मे महिन्यात स्वेटर घालून बसते. दिवसभर रेसिपीचे रील्स बघते, आम्हाला केक करून घालते, स्वतः चाखत पण नाही. सासूबाई म्हणतात नखरे आहेत, भूक लागली की खाईल. काय करू?

उत्तर: ताई, हे नखरे नाहीत. लक्षणं ॲनोरेक्सियाची, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने खाणं सोडत जाण्याच्या मानसिक आजाराची वाटतायत, नक्की काय ते डॉक्टर सांगतील, पण याच आठवड्यात दाखवा, नाडी, बीपी, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट सगळं तपासून घ्या, आणि रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले तरी निर्धास्त होऊ नका, या आजारात ते बरेचदा नॉर्मलच येतात. चक्कर येऊन पडली किंवा छातीत धडधडलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

रेसिपीचं म्हणाल तर 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तर त्यातले काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटातला घास चिवडत तास काढायचे, चिडचिडे झाले, सारखी थंडी वाजायची. त्यांना कुणाला बारीक व्हायचं नव्हतं हो! म्हणजे तुमच्या लेकीचं हे वागणं बरंचसं उपासमारीनेच आलंय, आणि म्हणून तिला आपणहून खावंसं वाटेल याची वाट बघत बसायचं नाही. जेवण हेच औषध.

पण एकदम भरपूर खायला घालू नका हं, खूप दिवस उपाशी असलेल्या शरीरात अचानक जास्त अन्न गेलं की फॉस्फेट झपकन उतरतं आणि हृदयावर बेतू शकतं, सुरुवात कितीने करायची ते डॉक्टरच ठरवतील. त्यानंतर काही महिने ताट तुम्ही वाढायचं, तिने नाही. लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमधून आलेली ही पद्धत, आईवडील जेवणाची सूत्रं हातात घेतात, आणि या वयात तिचा चांगला उपयोग होतो. शेजारी बसा, ती रडेल, आमटीत तेल किती म्हणून भांडेल, तेव्हा कॅलरीचा वाद घालायचा नाही, "मी इथेच आहे, पुढचा घास घे" एवढंच. वजन, बारीक, जाड हे शब्द घरात नकोत, "आता छान भरलीस" हे तर अजिबात नको, तिला ते फक्त जाड झालीस असंच ऐकू येतं.

सोबत मानसोपचारतज्ज्ञ हवेतच. जवळ कुणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. वजन आधी सावरतं, मनातली भीती त्याच्या बरीच मागून जाते, कधीकधी वर्ष दोन वर्षं, त्यामुळे वजन वाढलं म्हणून उपचार मध्येच सोडू नका. आणि उपवास आजपासून बंद, हे सासूबाईंनीच तिला सांगितलं तर ती जास्त ऐकेल, त्यांना हे उत्तर वाचून दाखवा.